कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे

पुण्यातल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर 'आजचे कार्यक्रम' अशा मथळ्याचा एक दाट छापलेला रकाना असतो. व्याख्यान, विषय, वक्ता, स्थळ, सायंकाळी सहा. कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठे जुन्या नाण्यांचं, कुठे गुलाबांचं. बऱ्याच नोंदींच्या शेवटी एकच वाक्य येतं : कार्यक्रम सर्वांसाठी खुला आहे. गेली बावीस वर्षं मी पेठेतल्या एका लहानशा व्याख्यान समितीचं काम करते आहे, आणि अधूनमधून प्रदर्शनांच्या मांडणीलाही हात लावते. ते वाक्य खरं करायला काय काय लागतं, ते इथे सावकाश सांगते.

आधी हे 'सर्व' कोण, ते पाहू. वक्त्याचे विद्यार्थी, समितीचे वर्गणीदार, सभासदांचे नातेवाईक येतातच. त्यांना कळवायला वर्तमानपत्र लागत नाही. ती ओळ वेगळ्याच माणसांसाठी असते. परभणीहून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेला, कॉट बेसिसवर राहणारा आणि अभ्यासिकेतून चहासाठी बाहेर पडलेला मुलगा. आईला दवाखान्यात दाखवून झालेलं आहे आणि गावच्या एसटीला अजून दोन तास आहेत, अशी एक बाई. रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी तासभर मोकळा असलेला वॉचमन. सभागृहात यांना कोणी ओळखत नाही. नको वाटलं तर गुपचूप उठता यावं म्हणून ते शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसतात. समितीत काहीही ठरवताना मी त्या खुर्चीचा विचार करते. तिथे बसलेल्या माणसाला ऐकू आलं, दिसलं, कळलं आणि विचारता आलं, तर तो कार्यक्रम खुला म्हणायचा.

पुण्यात ही गोष्ट जुनी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती आजही चालू आहे, आणि २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर रोज संध्याकाळी एक विषय असतो. त्याच १८७५ च्या पावसाळ्यात स्वामी दयानंद सरस्वती पुण्यात आले आणि त्यांनी इथे व्याख्यानं दिली. व्याख्यानं हिंदीत झाली, टिपणं मराठीत उतरवली गेली, आणि पुढे त्या मराठी टिपणांवरूनच ती पुन्हा हिंदीत आली. समोर बसून कोणी लिहून घेतलं नसतं, तर त्यातलं बरंच काही त्या पावसाळ्याबरोबर वाहून गेलं असतं. म्हणून आमच्या प्रत्येक व्याख्यानाला एक जण वही घेऊन बसतो. आता मोबाइलवर आवाज साठवता येतो हे खरं, पण त्या आवाजातून कोणता मुद्दा महत्त्वाचा होता, हे वहीच सांगते.

वसंत व्याख्यानमालेच्या तारखाही पाहण्यासारख्या आहेत. तोवर परीक्षा संपलेल्या असतात, पावसाला अवकाश असतो, दुपार तापलेली असली तरी संध्याकाळी वारा सुटतो. लहान समित्यांना असा अख्खा महिना मिळत नाही. त्यांना वर्षातल्या फटी शोधाव्या लागतात. पावसाळ्यात निम्मी माणसं येत नाहीत. गणपतीचे दहा दिवस सगळं शहर रस्त्यावर असतं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, आणि त्या संध्याकाळी गाण्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नसतो. मग उरतो नोव्हेंबरचा मध्य आणि जानेवारी. सगळ्या समित्यांना तेच दिवस हवे असतात, म्हणून सभागृह सहा-सहा महिने आधी धरून ठेवावं लागतं. आधी तारीख आणि मग वक्ता, असाच क्रम पडतो.

पैशांचं गणित साधं आहे, तरी फार कमी लोकांना माहीत असतं. प्रवेश मोफत असतो तेव्हा खर्च कोणी तरी आधीच करून ठेवलेला असतो. पुण्यातली पुष्कळ व्याख्यानं स्मृतिव्याख्यानं असतात. वडील गेले, आई गेली, एखादे शिक्षक गेले, की घरातली माणसं संस्थेकडे एक रक्कम ठेव म्हणून देतात, आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या नावाने एक व्याख्यान होतं. समजा १९९५ साली कोणी ५०,००० रुपये ठेवले. बारा टक्के व्याज धरलं तर वर्षाला ६,००० रुपये येत. त्यात सभागृहाचं भाडं, वक्त्याचं मानधन, पत्रिका आणि चहा निघून चार पैसे उरत. आज सात टक्क्यांनी त्याच ठेवीचे ३,५०० येतात, आणि भाडं मात्र कितीतरी पटींनी वाढलेलं असतं. मग दोन ठेवींची मिळून एकच संध्याकाळ करावी लागते, किंवा त्या घरातल्या पुढच्या पिढीला फोन करावा लागतो. या फोनचा मला कधी संकोच वाटला नाही. बहुतेक वेळा पलीकडचा आवाज भरून येतो, कारण आजोबांचं नाव अजून दरवर्षी घेतलं जातं, हेच त्यांना ठाऊक नसतं.

अशा ठेवीतून, नेमलेल्या व्याख्यानातून काय उभं राहू शकतं, याचं पुण्यातलं मोठं उदाहरण म्हणजे गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मृतिव्याख्यान. २९ जानेवारी १९३९ रोजी ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले हॉलमध्ये दिलं. विषय होता १९३५ च्या कायद्याने येऊ घातलेलं संघराज्य, आणि त्या व्याख्यानाचं पुढे पुस्तक झालं. चार वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ ला, रानड्यांच्या १०१ व्या जयंतीला डेक्कन सभेच्या निमंत्रणावरून ते पुन्हा गोखले हॉलमध्ये बोलले. रानडे, गांधी आणि जीना हा तो विषय, आणि त्याचंही पुस्तक झालं. दोन संध्याकाळी, एकच सभागृह, दोन पुस्तकं. निमंत्रण देणाऱ्या संस्थेने तारीख धरली, सभागृह धरलं, पत्र पाठवलं. तेवढ्या साध्या कामातून ही पुस्तकं पुढच्या पिढ्यांच्या हाती आली.

शहराबाहेर व्याख्यानांचं जाळं विद्यापीठाने विणलं. पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाकडून त्यांच्या नावाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला चालते, आणि ती पुण्यात बसून राहत नाही. महाविद्यालयांमार्फत तालुक्याच्या गावापर्यंत, कधी त्याच्याही पलीकडे पोचते. बहिःशाल म्हणजे शाळेच्या बाहेरचं. ज्याने नाव नोंदवलेलं नाही, फी भरलेली नाही, परीक्षा द्यायची नाही, त्याच्यासाठी. या एका शब्दात आमचं सगळं काम येतं, असं मला वाटतं.

आता विषयाकडे वळते, कारण इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वक्ता मोठा असला की समिती त्याला म्हणते, 'सर, तुम्हाला योग्य वाटेल तो विषय घ्या.' हा आदर नव्हे, हे काम टाळणं आहे. असं सांगितलं की 'हवामानबदल : आव्हाने आणि संधी' असा विषय येतो, आणि तासाभरात वक्ता पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत येतो. शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. विषय छोटा हवा आणि त्याला दार हवं. एका वर्षी आम्ही हवामानाचाच विषय घेतला, पण 'पाऊस मोजतात कसा?' एवढंच नाव दिलं. सकाळच्या बातमीत 'पुण्यात चोवीस तासांत इतके मिलिमीटर' असं सांगतात, ते चोवीस तास मध्यरात्री संपत नाहीत. ते सकाळी साडेआठला संपतात. वक्त्यांनी एवढ्याच धाग्याने सुरुवात केली. पाऊसमापक कुठे ठेवायचा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब का ठेवायचा, एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी कसं, आणि मग याच नोंदी शंभर-दीडशे वर्षांच्या झाल्या की त्यातून हवामान कसं वाचतात. हवामानबदल आलाच, पण शेवटी आला, आणि तोवर ऐकणाऱ्यांकडे तो समजून घ्यायची काठी होती.

वक्त्याचा होकार आला की एक पत्र जातं. तारीख, वेळ आणि पत्ता त्यात असतोच, पण मी आणखी तीन गोष्टी लिहिते : किती माणसं अपेक्षित आहेत, त्यांच्यातले किती जण विषयाला अगदी नवे असतील, आणि बोलायला पन्नास मिनिटं आहेत. साठ नव्हेत. सहजपणे बोलणारा माणूस मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे पन्नास मिनिटांत पाच-सहा हजार शब्द, मासिकातल्या दोन मोठ्या लेखांएवढे. एका बैठकीत यापेक्षा जास्त कोणाच्या डोक्यात मावत नाही.

ही पन्नास मिनिटं राखणं ही खरी लढाई असते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचा सत्कार, देणगीदारांचा सत्कार, मग व्याख्यान, अध्यक्षीय समारोप, आभार. प्रत्येकाला 'पाचच मिनिटं' दिली तरी व्याख्यानाआधी चाळीस मिनिटं जातात. तो मुलगा चहा सोडून आलेला असतो. त्या बाईची एसटी असते. आम्ही दहा वर्षांपूर्वी ठराव केला : सहाला सुरुवात, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी वक्ता उभा. परिचय छापून खुर्चीवर ठेवायचा. सत्कार व्याख्यानानंतर. आभार तीन वाक्यांत, पण त्यात ध्वनिक्षेपक चालवणाऱ्याचं आणि खुर्च्या लावणाऱ्याचं नाव घ्यायचंच. पहिल्या वर्षी काही ज्येष्ठ दुखावले. दुसऱ्या वर्षी तेच सहाला पाच कमी असताना येऊन बसले.

ऐकू येणं आणि दिसणं, यांबद्दल मी एका संध्याकाळी जे शिकले ते कधी विसरणार नाही. एका सभागृहात आमचं व्याख्यान होतं. वक्त्या उत्तम, विषय उत्तम, गर्दी चांगली. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं होती आणि एका पानावर पंधरा-सोळा ओळी. मला काही वाचता येईना. ध्वनिक्षेपक वक्त्यांच्या तोंडापासून हातभर लांब होता, आणि त्या पडद्याकडे वळल्या की आवाज भिंतीकडे जाई. वीस मिनिटांत माझ्या रांगेतली सात माणसं एकेक करून उठली. कोणी तक्रार केली नाही; मान खाली घालून, आपल्यालाच समजत नाही अशा समजुतीने गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण चूक त्यांची नव्हतीच. दारातून शिपाईमामांनी मला खूण केली आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, मागं काय बी येत नाही. मी रोज सांगतो, कोण ऐकत नाही."

तेव्हापासून मी टेप घेऊन सभागृहात जाते. पाट्या रंगवणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे : दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर एक इंच उंच हवं. शेवटची रांग पडद्यापासून साठ फुटांवर असेल, तर पडद्यावरचं अक्षर सहा इंचांचं पाहिजे. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त सोडावी लागते. एका ओळीला साधारण दहा इंच धरा. पडदा सहा फूट उंच असेल तर सात ओळी बसतात. सात. हा आकडा मी वक्त्यांना पत्रातच कळवते. ध्वनिक्षेपकाची चाचणी मी मंचावरून करत नाही. मंचावर दुसऱ्याला बोलायला लावते आणि स्वतः शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसते. शिपाईमामा माझ्या शेजारी बसतात. ते मान हलवतील तेव्हा चाचणी संपली.

आणि प्रश्न. माझ्या मते व्याख्यानाचा खरा गाभा तिथे आहे. हातात ध्वनिक्षेपक देऊन 'कोणाला काही विचारायचं आहे का?' म्हटलं की जे बोलायला सरावलेले आहेत तेच उठतात, आणि पुष्कळदा प्रश्नाऐवजी आपलं मत मांडतात. परभणीचा मुलगा उठत नाही. म्हणून आम्ही चिठ्ठ्या वाटतो. पाठकोऱ्या कागदाचे चौकोन, आणि प्रत्येक रांगेला दोन पेन्सिली. व्याख्यान चालू असतानाच लिहायचं, नाव घालायची सक्ती नाही. अध्यक्ष चिठ्ठ्या वाचतात, एकासारखे एक प्रश्न एकत्र करतात, आणि सगळ्यात साधा प्रश्न आधी घेतात. अध्यक्ष निवडताना आम्ही हेच पाहतो : या माणसाला साध्या प्रश्नाचा मान राखता येईल का? पहिल्या साध्या प्रश्नाला वक्त्याने मनापासून उत्तर दिलं, की पुढच्या दोन मिनिटांत आणखी दहा चिठ्ठ्या पुढे येतात.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर शाळकरी मुलांना सही देण्याऐवजी सांगत, की मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही असेल. आमच्या चिठ्ठ्या त्या पोस्टकार्डांच्या वंशातल्या आहेत, असं मी मानते. प्रश्न लिहायला बसलं की मुलाला कळतं, आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही.

नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, पुणे विद्यापीठाच्या आवारातली, १९८८ सालची. तिथून प्रदर्शनांकडे वळायला बरं, कारण २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञानदिनी, तिथली दारं सगळ्यांना उघडतात आणि शाळांच्या शाळा लोटतात. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या त्या इमारतीत एक फुकोचा लंबक आहे. मांडणी शिकायची असेल त्याने त्याच्याजवळ अर्धा तास उभं राहावं. लांब तारेला टांगलेला जड गोळा संथपणे झुलत असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्याच्या झुलण्याची दिशा आपल्याला हळूहळू वळताना दिसते. पण किती हळू? ध्रुवावर ती तासाला पंधरा अंश वळेल. पुणे विषुववृत्तापासून साडेअठरा अंशांवर आहे. इथे ती तासाला पावणेपाच अंशच वळते, आणि पूर्ण फेरीला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. आता रांगेतून आलेला मुलगा तिथे दोन मिनिटं उभा राहतो. दोन मिनिटांत दिशा एका अंशाच्या सहाव्या भागाएवढी सरकते. त्याला फक्त झुलणारा गोळा दिसतो.

जे दाखवायचं आहे ते दिसतच नाही, अशा वेळी काय करायचं? प्रदर्शनाची सगळी विद्या या प्रश्नाभोवती आहे. असा लंबक मांडायचा तर एक वाट म्हणजे वाटेत लहान खुंट्या लावायच्या, म्हणजे गोळा अधूनमधून एक खुंटी पाडतो. दुसरी वाट, सकाळी नऊला कुठे झुलत होता, दहाला कुठे, अकराला कुठे, अशा खडूच्या रेघा जमिनीवर आखून ठेवायच्या. दुपारी आलेल्या मुलाला मग तीन-चार तासांचं वळण एका नजरेत दिसतं. तिसरी वाट म्हणजे शेजारी उभं राहणारं माणूस. एखादी संशोधक विद्यार्थिनी मुलाला फिरत्या खुर्चीवर बसवते, हातात दोरीला बांधलेली किल्ली झुलती देते, खुर्ची सावकाश फिरवते आणि विचारते, 'किल्ली वळली की तू वळलास?' त्या प्रश्नावर मुलाचा चेहरा बदलतो, तो पाहावा. वर्षभर इंग्रजीत काम करणारी ती मुलगी दिवसभर मराठीत हे पन्नास वेळा समजावते. संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असतो. पण तिचा स्वतःचा विषयही तिला थोडा जास्त कळलेला असतो.

गर्दीचं गणितही सांगून टाकते. दुर्बिणीतून एकेकाने बघायचं म्हटलं आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं, तर तासाला एकशे वीस माणसं होतात, आठ तासांत हजाराच्या आत. शाळा मात्र बस भरभरून येतात. म्हणून दुर्बिणीतलं दृश्य मोठ्या पडद्यावरही दाखवावं लागतं, आणि रांग जिथे रेंगाळते तिथेच भिंतीवर वाचायला काही तरी लावावं लागतं.

पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळ खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना आहेत. एकेक पंचेचाळीस मीटर व्यासाची. तिथेही विज्ञानदिनाच्या सुमारास प्रदर्शन भरतं आणि जुन्नरकडच्या शाळांची मुलं आपापली उपकरणं घेऊन येतात. आकाशातून येणारे रेडिओसंकेत इतके क्षीण असतात की जवळचा चालू मोबाइलही त्यांच्या आड येतो. ज्यांच्या शेतांच्या पलीकडे रोज ती तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी असते, त्यांना 'मोबाइल बंद का करायचा?' याचं नीट उत्तर मिळणं, हेच त्या दिवसाचं पहिलं प्रदर्शन.

जुन्या वस्तूंची तऱ्हा वेगळी. कागद, कापड आणि रंग यांना उजेड खातो, आणि खाल्लेलं परत येत नाही. म्हणून हस्तलिखितांवर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत. तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतो. बाहेर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात असतो. उन्हातून आलेल्या माणसाला मग दालन अंधारं वाटतं, आणि 'यांनी दिवेसुद्धा लावले नाहीत' असं तो म्हणतो. त्यासाठी दारापासून आतपर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने कमी करत न्यायचा, आणि पहिल्याच फलकावर कारण लिहायचं. भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. ते लोकांपुढे मांडायचं झालं तर पोथ्यांची रांग लावून भागणार नाही. एकच श्लोक घ्यावा, तो चार पोथ्यांत चार प्रकारे कसा आला आहे ते शेजारी-शेजारी ठेवावं, आणि संपादकांनी कोणता पाठ का धरला, ते सांगावं. मग हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

राहिली वस्तूखालची चिठ्ठी. ती मला फार प्रिय आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरातल्या वस्तूंचा केवढा तरी साठा आहे. दिनकर केळकरांनी वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव त्या संग्रहाला दिलं, आणि तो सगळा संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तशीच एखादी वस्तू, समजा एक पितळी अडकित्ता, तुमच्यापुढे आहे. 'अडकित्ता. पितळ. अठरावे शतक.' हे बरोबर आहे, पण यात डोळ्याला काम नाही. आता असं लिहून पाहा : 'मुठींवर दोन मोर आहेत. मुठी जवळ आणल्या की मोरांच्या चोची जुळतात आणि मधली सुपारी फुटते. पातं लोखंडी आहे, कारण पितळेला धार टिकत नाही. डावी मूठ जास्त झिजलेली दिसते का?' वाचणारा माणूस वाकतो, परत वस्तूकडे पाहतो, मुठी ताडून बघतो. तीसेक शब्द, जाड ठसा, आणि चिठ्ठी गुडघ्याजवळ नव्हे तर हातभर अंतरावरून वाचता येईल अशी. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास ठेवतात. शाळांच्या सहली येणार असतील, तर मी तो वीतभर खाली आणते. मोठी माणसं वाकू शकतात, मुलं उंच होऊ शकत नाहीत. मजकूर लिहून झाला की तो सभागृहाच्या झाडूवाल्या मावशींना वाचून दाखवते. त्या जिथे 'म्हंजे?' म्हणतात, तिथला शब्द बदलते.

पावसाच्या त्या व्याख्यानाला शेहेचाळीस चिठ्ठ्या आल्या. वेळेत एकोणीस झाल्या. उरलेल्या वक्त्यांनी घरी नेल्या आणि आठवड्यात उत्तरं लिहून पाठवली. ज्यांनी पत्ता दिला होता त्यांना ती गेली. एका चिठ्ठीवर नाव-पत्ता काहीच नव्हतं. पेन्सिलीने लिहिलं होतं : 'साडेआठलाच का मोजतात?' उत्तर असं होतं, की जगभरच्या वेधशाळा ठरावीक जागतिक वेळी एकदम नोंदी घेतात. त्यातली पहाटे तीनची जागतिक वेळ म्हणजे आपल्याकडची सकाळची साडेआठ. पाठवायचं कुठे? शेवटी शिपाईमामांनी सभागृहाबाहेरचा काळा फळा पुसून दिला आणि मी त्यावर प्रश्न आणि खाली उत्तर खडूने लिहिलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या कामाने गेले, तर माझ्या अक्षराखाली वेगळ्या अक्षरात एक ओळ होती : 'आणि बर्फ पडतो तिथे?'

मामांकडून खडू मागून घेतला आणि लिहिलं : 'वितळवून, मग पाण्यासारखाच.'